समुद्रावरची सहल आणि आईची सुट्टी



दिवाळीच्या सुट्टीत मुलांना समुद्रावर नेऊन आणायचं, असं पेणच्या आणि रोह्याच्या मैत्रिणींमध्ये घाटतं आहे. पेणहून वडखळमार्गे अलिबाग तीसेक किलोमीटर. रोहेकरणींची कुंडलिका तर रेवदंड्यालाच समुद्राला मिळते. इतक्या जवळ राहूनही समुद्रावर नुसतं बसायला किती जणी गेल्या आहेत, असं मी बैठकीत विचारलं, तर अगदी थोडे हात वर आले. बाकीच्याही गेल्या होत्या, पण डबे भरून घेऊन, चपला आणि पिशव्या राखायला.

हुंडा, मारहाण, पोटगी हे विषय असताना संपादकीय सहलीवर कशाला, असं एका कार्यकर्तीने विचारलं. मला हा विषय कामाच्या हक्काचाच वाटतो. शाळेला सुट्टी लागते मे महिन्यात. पेणमध्ये नेमकी तेव्हाच बाईला मान वर करायला फुरसत नसते. कडक उन्हात पोह्याचे पापड आणि मिरगुंडं वाळवून घ्यायची असतात. गणपतीच्या कारखान्यांतून घाई सुरू झालेली असते. हमरापूर, जोहे भागात घराघरांत मूर्ती असतात, आणि त्या घासायला, रंगवायला बायकांचे हात लागतात. कुठे नगावर, कुठे किलोवर, कुठे रोजावर पैसे. ज्या दिवशी हात थांबला त्या दिवशी पैसेही थांबले.

धाटावच्या कारखान्यातल्या कायम कामगाराची गोष्ट वेगळी. 1948च्या कारखाना कायद्याने भरपगारी रजेचा हक्क दिला. वर्षाचे 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक रजा, हा हिशोब कामगारांना पाठ असे. त्याच कामगाराच्या घरात पापड लाटणाऱ्या बायकोला हा कायदा कधी शिवलाच नाही. इंग्लंडमध्येही असंच होतं. ब्रायटनच्या किनाऱ्यापर्यंत रेल्वे 1841 मध्येच पोचली होती, पण मजुरी बुडवून आठवडाभर समुद्रावर राहणं कामगाराला कसं परवडणार? भरपगारी सुट्टीचा कायदा तिथे 1938 साली झाला. तोही पगार मिळवणाऱ्यांसाठी. घरात राबणारीला पगारच नाही, तर भरपगारी सुट्टी कुठली!

म्हणून दिवस ठरवताना मुलांच्या शाळेइतकंच आईचं कामही बघायला हवं. गणपती गेले की कारखान्यांतली घाई ओसरते. फराळाची धावपळ दिवाळीबरोबर संपते. मग साधारणपणे सगळे म्हणतात, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघू, किंवा भाऊबीजेलाच जाऊ. भाऊबीजेला नणंदा घरी यायच्या असतात, त्यामुळे सून निघणार नाही, हे उघडच आहे. पण समुद्राच्या बाजूनेही तो दिवस मला पसंत नाही.

कोळणींना विचारा, त्या तिथीवरून भरती सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता भरती. द्वितीयेला दीडच्या सुमारास. अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचं पाणी. आपली मंडळी जेवून, सुस्तावून समुद्रात उतरणार तीनच्या पुढे, आणि तेव्हा ओहोटी लागून पाणी आत ओढत असणार. याउलट सहा दिवसांनी, कार्तिक शुद्ध अष्टमीला, भरती सकाळी सहाच्या आसपास आणि ओहोटी बाराला. पाणीही भांगाचं, म्हणजे चढ-उतार कमी. दुपारनंतर पाणी किनाऱ्याकडे येत असतं. तरी खोल जायचं नाहीच. हा फक्त अंदाज आहे. नेमकी वेळ तक्त्यात पाहा आणि पोचल्यावर तिथल्या लोकांना विचारा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाणार असाल तर परतीची वेळ आधी पक्की करा. पाणी चढलं की वाट बंद.

1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. ती वयात आलेली मुलं होती. आपल्याबरोबर तर तिसरी-चौथीतली पोरं असणार. कुणाच्या घरी असं काही घडलं की पहिला प्रश्न येतो, आई कुठे होती? बाप कुठे होता, हे कुणी विचारत नाही. तो पुष्कळदा गाडीमागे बाटली उघडून बसलेला असतो, हे काशीदला आपण पाहिलं आहे. तेव्हा पाण्याकाठी पाळी लावायची. अर्धा तास दोन पुरुष, अर्धा तास दोन बायका, आणि पाळीवर असलेल्याने मोबाइल बघायचा नाही. दारू अजिबात नाही.

मुलींचं काय? मुलगी सातवीत गेली की तिला वाळूत बसवतात. कपडे ओले होतील, अंगाला चिकटतील, लोक बघतील. भाऊ लाटांवर उड्या मारतो आणि ती त्याचा शर्ट धरून बसते. जाड कुर्ता आणि पायजमा घालून तिने पाण्यात जावं. ओढणी नको. आईनेही साडी नेसून उतरू नये, कारण भिजलेली साडी पायांत गुंतते आणि तिचं ओझंही होतं. कपडे बदलायला आडोसा आणि धड संडास कुठे आहे, याची चौकशी दोघींनी आधी जाऊन करावी. नाहीतर बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे आपण सगळ्याच करतो. पाळी आली म्हणून कुणाला घरी ठेवायचं नाही.

पैशाचं मात्र आता थोडं सोपं आहे. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना निम्मं भाडं, आणि 5 ते 12 वर्षांच्या मुलांचं अर्धं तिकीट आहेच. म्हणजे पूर्ण तिकीट फक्त बाप्यांचं! ‘खर्च फार होतो, तू घरीच थांब’ हे ऐकावं लागलं तर हा हिशोब पुढे करा.

जेवणावरून बैठकीत बराच वाद झाला. पहाटे तीनला उठून चाळीस माणसांच्या पोळ्या लाटायच्या असतील तर मला ती सहल नको. किनाऱ्यावरच्या एखाद्या बाईला आधी सांगून भात-आमटी, मासळी करून घेऊ, तिला पुरेसे पैसे देऊ. काही जणींना हे परकं वाटतं, काहींच्या सासवांना चालत नाही. त्यावर एकमत झालेलं नाही. सासवांनाही यादीत घ्यावं, अशी सूचना रोह्याच्या मैत्रिणींनी केली आहे. नावं लिहून घेणं सुरू करा. अष्टमी कोणत्या वारी येते ते पंचांगात पाहून मग आगारात गाडीची चौकशी करू.