संदीप पाटलांची सर्वांत मोठी खेळी

संदीप पाटील म्हटलं की लोकांना ॲडलेडचे 174 आठवतात, नाहीतर मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात मारलेले सहा चौकार. मी मुंबईच्या मैदानावर पोरांना क्रिकेट शिकवतो. मला विचाराल तर पाटलांनी सर्वांत मोठं काम केलं ते बॅट ठेवल्यावर. 2003 च्या विश्वचषकात ते कोच असलेला केनिया उपांत्य फेरीत पोचला. कसोटी दर्जा नसलेला दुसरा कुठलाही संघ तिथवर आजतागायत गेलेला नाही.

‘न्यूझीलंड नैरोबीला गेलंच नाही, फुकट गुण मिळाले,’ असं हमखास ऐकवलं जातं. मिळाले, खरं आहे. पण श्रीलंका आली होती ना! 24 फेब्रुवारीला केनियाच्या 210 धावा. त्यावर कॉलिन्स ओबुया या 21 वर्षांच्या लेगस्पिनरने पुरी दहा षटकं टाकून 24 धावांत पाच बळी घेतले. त्यांत जयवर्धने, संगकारा आणि अरविंद डिसिल्वा. श्रीलंका 157 वर गारद. आमच्याकडे लेगस्पिनरला दोन चौकार बसले की कप्तान त्याला काढतो, आणि पोरगा पुढच्या मॅचला चेंडू सपाट टाकू लागतो. एवढ्या तुटपुंज्या धावसंख्येवर त्याला दहाही षटकं देणारी टीम ड्रेसिंगरूममध्ये आधीच निर्धास्त झालेली असते. ते काम कोचचं.

केनियाचाच गोलंदाज आसिफ करीम, त्याचंही तेच. 1999 नंतर थांबलेला, वय 39. डर्बनला ऑस्ट्रेलियापुढे त्याने 8.2 षटकांत सहा निर्धाव टाकली, सात धावांत तीन बळी घेतले. सामना हरूनही सामनावीर तोच. अशा निवृत्त माणसाला परत बोलावून तरुण संघात सामावून घ्यायचं, तर खेळाडू ओळखणारी नजर लागते.

उपांत्य सामन्यात भारताने 91 धावांनी हरवलं, आणि आपल्याकडे लक्षात राहिलं ते गांगुलीचं शतक.

पुढे केनियाचं क्रिकेट खचलं. मानधनावरून खेळाडू आणि मंडळ भांडत राहिले, 2004 मध्ये त्याच संघातल्या मॉरिस ओडुंबेवर पाच वर्षांची बंदी आली, 2014 मध्ये एकदिवसीय दर्जाही गेला. ‘मग पाटलांनी उभं काय केलं?’ हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. मुंबईत हॅरिस आणि गाइल्स शील्ड आहेत, कांगा लीग आहे; एक पोरगा गेला की मागे दहा उभे असतात. नैरोबीत मोजके क्लब होते. शाळांपासून खेळाडू तयार करायचे, त्यांचे पैसे वेळेवर द्यायचे, हे मंडळाचं काम होतं. कोचच्या हाती संघ दिला होता, आणि तो संघ त्याने डर्बनच्या उपांत्य सामन्यापर्यंत नेऊन दाखवला.