हत्यारे किती अन् काम केवढे?

मैत्रिणींनो, घर सांभाळून वेबसाइटची कामे करणाऱ्या आता पुष्कळजणी आहेत. कुणी शिकवणी वर्गाची पाने करून देते, कुणी घरगुती मसाल्यांची. त्यांचा नेहमीचा प्रश्न असा : "फोटोशॉप घेऊ, इलस्ट्रेटर घेऊ, फिग्मा शिकू, की फुकटचे गिंप पुरे? सगळ्यांत सगळेच थोडे थोडे दिसते!"

प्रश्न रास्त आहे. फोटोशॉपमध्ये आकृत्या काढता येतात, इलस्ट्रेटरमध्ये फोटो ठेवता येतो, फिग्मात दोन्ही जमते. पण विळीला खवणी असते म्हणून कुणी तिच्यावर गाजर किसत नाही! तेव्हा आधी काम पाहा, मग हत्यार.

कामे मुख्यतः तीन. पहिले फोटोचे. फोटो म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांची रांगोळीच. उजेड वाढवणे, मागची अडगळ पुसणे, आकार लहान करणे, हे सारे ठिपक्यांचे काम. त्यात फोटोशॉप उत्तम. पण १९९६ पासून विनामूल्य मिळणारे गिंप साध्या कामाला भरपूर होते.

दुसरे लोगोचे. ठिपक्यांचा लोगो मोठा केला की कडा करवतीसारख्या दिसतात. रेषांनी काढलेला मात्र टिकलीएवढा करा नाहीतर दुकानाच्या पाटीएवढा, तितकाच नेटका राहतो. त्यासाठी इलस्ट्रेटर, किंवा विनामूल्य इंकस्केप.

तिसरे मांडणीचे. मथळा कुठे, बटण कुठे, मोबाइलवर पान कसे दिसेल? इथे फिग्मा सोयीचे, आणि सुरुवातीला त्याचा विनामूल्य प्रकार चालतो.

आता हिशेबाचे, बरं का! अ‍ॅडोबी कंपनीने २०१३ साली एकदाच विकत देण्याची पद्धत सोडून वर्गणीची पद्धत धरली. वर्गणी थांबली की फोटोशॉप बंद. पहिल्या दोन कामांची कमाई वर्गणीतच गेली, तर आपल्या हाती काय उरले? म्हणून आधी विनामूल्य साधनांवर दोन-तीन कामे करा. कुठे अडते ते वहीत लिहून ठेवा. अडलेच नाही, तर पैसे वाचले! मात्र ज्यांच्याकडून काम येते ते फोटोशॉपच्याच फाइली पाठवत असतील, तर ते घेणे भाग आहे. गिंपमध्ये त्या उघडतात, पण सगळे जसेच्या तसे राहील याचा भरवसा नाही.

आणखी एक. मॅक्रोमीडियाचे फायरवर्क्स १९९८ साली खास वेबच्या चित्रांसाठीच निघाले. ठिपके आणि रेषा दोन्ही एकाच ठिकाणी. अनेकांचा हात त्यावर बसलेला. २००५ मध्ये अ‍ॅडोबीने ती कंपनी घेतली. एकाच घरात सारख्या कामाची दोन हत्यारे झाली आणि २०१३ मध्ये फायरवर्क्सचा पुढचा विकास थांबला. त्यावर विसंबलेल्यांना नव्याने शिकावे लागले.

म्हणून प्रत्येक कामाची एक प्रत सर्वत्र उघडणाऱ्या प्रकारात ठेवाच : लोगो एसव्हीजीमध्ये, चित्रे पीएनजीमध्ये. लोणच्याची बरणी बदलली तरी लोणचे टिकले पाहिजे, नाही का? हत्यारे येतील अन् जातील. आपले काम आणि आपली कमाई आपल्या हाती राहो.