सिंहाचा मुहूर्त

पहाटे उठणाऱ्या माणसांबद्दल माझी तक्रार एवढीच आहे, की ती एकटी उठत नाहीत. स्वतःचे डोळे उघडले की दुसऱ्याचे मिटलेले डोळे त्यांना सहन होत नाहीत. पर्वती चढणारे असोत, प्राणायामवाले असोत, नाहीतर नळाला पाणी चारला येतं म्हणून उठलेले असोत. भांडी आदळून ते अवघ्या वाड्याला आपल्या पुण्यकर्मात सामील करून घेतात. इथवर मी मुकाट्याने सोसलं. पण या पंथाने आता साता समुद्रांपलीकडे जाऊन सिंहाच्या झोपेवर हात टाकला आहे. आता कोणीतरी बोलायलाच हवं.

प्रकरण असं आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, ओरलँडो शहराजवळ, डिस्नेवाल्यांचं ‘ॲनिमल किंगडम’ नावाचं उद्यान आहे. ते २२ एप्रिल १९९८ रोजी उघडलं आणि त्यातली ‘किलिमांजारो सफारी’ तेव्हापासून माणसांना हाका मारते आहे. बाजू उघड्या असलेला एक मोठा ट्रक, त्यात तिसेक माणसं, आणि सुमारे ११० एकरांत वसवलेलं आफ्रिकेचं माळरान. फेरी साधारण वीस मिनिटांची. खरा किलिमांजारो टांझानियात आहे. तो इथून दिसत नाही. इथले मोठाले बाओबाब, म्हणजे आपण ज्याला गोरखचिंच म्हणतो ती झाडं, काँक्रीटची आहेत. रस्त्यावरच्या चाकोऱ्या आणि खाचखळगेसुद्धा काँक्रीट ओलं असताना मुद्दाम उमटवलेले आहेत. त्यासाठी कारागीर नेमावे लागले, खर्च करावा लागला. आपल्याकडे हे काम पाऊस फुकट करून देतो. प्राणी मात्र अस्सल. जिराफ, हत्ती, गेंडे, पाणघोडे, मगरी, चित्ते, तरस, आणि खडकावर खुद्द महाराज.

तर या वीस मिनिटांसाठी दिवसातली कोणती वेळ उत्तम, यावर फ्लोरिडाला जाऊन आलेल्या प्रत्येक माणसाचं मत असतं आणि ते प्रत्येकाचं एकच असतं. आपण मराठी माणसं मुहूर्ताला नवखी नाही. साखरपुडा, वास्तुशांत, नवी स्कूटर, सगळं आपण मुहूर्तावर करतो. पण आपलं पंचांग उदार आहे. सकाळचा चुकला तर गुरुजी दुपारचा काढून देतात, तोही चुकला तर ‘गोरज चालेल’ म्हणतात. सफारीच्या पंचांगात एकच ओळ. उद्यान उघडताक्षणी, पहिल्या ट्रकमध्ये.

आमचे व्याही न्यू जर्सीला असतात. आम्ही उन्हाळ्यात मुलाकडे निघालो तेव्हा त्यांनी मुद्दाम फोन करून बजावलं, “आबासाहेब, नऊच्या आत सफारी उरका. नंतर प्राणी नसतातच.”

नसतात म्हणजे जातात कुठे? कचेरीत?

आता हा पहाटेचा सिद्धान्त आला कुठून ते बघा. खऱ्या आफ्रिकेत सफारीची गाडी उजाडता उजाडता सुटते. आपल्या ताडोबालाही तेच. तिथे ते बरोबर आहे. (ताडोबाचे जाणकार वैशाखातल्या रणरणत्या दुपारी पाणवठ्यावर वाघ बघतात, पण ते राहू द्या.) ओरलँडोत जुलै महिन्यात सूर्य उगवतो साडेसहाच्या सुमाराला. उद्यान बहुतेक दिवशी उघडतं आठ वाजता. त्यांच्याच हॉटेलात उतरलेल्यांना अर्धा तास आधी आत घेतात. म्हणजे मुलांना पाचला गदागदा हलवून, कोरड्या ब्रेडवर दामटून, रडवून, रांगेत उभं करून ही मंडळी जी पहाट गाठतात, ती उलटून तास-दीड तास झालेला असतो. सूर्योदयानंतर दीड तासाने उगवणाऱ्या वेळेला पहाट म्हणायचं, तर माझ्या धाकट्या भावाला पहाटेच उठणारा म्हणावं लागेल, आणि तो आरोप त्याच्यावर आजवर कोणी केलेला नाही.

दुसरं असं, की ‘प्राणी’ हे कोणी एकच गृहस्थ असल्यासारखं हे लोक बोलतात. प्राणी सकाळी हिंडतात, प्राणी दुपारी झोपतात. कोणते? सिंह घ्या. हा जंगलचा राजा दिवसाचे सोळा ते वीस तास आडवा असतो. उरलेल्या चार-आठ तासांत जे काही कर्तृत्व गाजवायचं ते तो बरंचसं रात्री गाजवतो. तेव्हा तुम्ही आठला गेलात काय आणि तीनला गेलात काय, तो पडलेलाच दिसण्याची शक्यता फार मोठी. सकाळी फार तर तो मान उचलून बघेल. त्या उचललेल्या मानेसाठी तीन पिढ्यांची झोप घालवायची की काय, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हत्तीचं उलटं. त्याचे दिवसातले सोळा तास खाण्यातच जातात. बोट्स्वानातल्या दोन रानटी हत्तिणींचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्या दिवसाकाठी सरासरी दोन तास झोपत. उद्यानातला हत्ती थोडा अधिक झोपत असेल, पण तुमच्या फेरीच्या वेळी नव्हे. त्याला बघायला कुठलाही मुहूर्त चालतो. पाणघोड्याला कुठलाच चालत नाही. उन्हात त्याचं कातडं सुकतं, म्हणून तो दिवसभर पाण्यात बसतो आणि चरायला रात्री बाहेर पडतो. दिवसा तुम्हाला दिसणार दोन कान, दोन डोळे, दोन नाकपुड्या. बाकीचा पाणघोडा श्रद्धेने मानून घ्यायचा. मगर तर सरळ माझ्याच पक्षाची आहे. तिचं रक्त तापतं ते उन्हावर. हिवाळ्यात गार सकाळी ती आणि तिच्या शेजारचा दगड यांत दगडच जास्त चपळ वाटेल. गेंडा दुपारी चिखलात लोळतो, आणि चिखलात लोळणारा गेंडा हा उभ्या गेंड्यापेक्षा केव्हाही बघण्यासारखा. राहिला चित्ता. तो सकाळी हिंडतो हे मला मान्य आहे. पण तो उतरत्या उन्हातही हिंडतो, हे पहाटवाले सोयीस्करपणे गाळतात. तरसाबद्दल मी बोलत नाही. तो रात्रपाळीचा कामगार.

या सगळ्यांचा मिळून एक मुहूर्त काढा म्हटलं, तर आमचे गुरुजी दक्षिणा परत करून निघून जातील.

गर्दीचा मुद्दा काढतात. सकाळी गर्दी नसते म्हणे. अहो, सकाळी गर्दी नसते हे गुपित ज्यांना कळलं आहे ते सगळे सकाळीच येतात! २०१७ साली शेजारी ‘अवतार’ सिनेमाची पँडोरा नगरी उघडली, तेव्हापासून सकाळच्या लोंढ्याचे दोन भाग झाले आहेत: निम्मे तिकडे धावतात, निम्मे सफारीकडे, आणि दोघेही एकमेकांकडे कीव केल्यासारखं बघतात. रांग टाळायची सोय १९९९ पासून अनेक वर्षं फुकट होती. २०२१ पासून त्या सोयीलाही पैसे पडतात. म्हणजे मुहूर्त विकतही मिळतो. फक्त सिंहाला त्यातला वाटा मिळत नाही, म्हणून तो उठत नाही.

माझं म्हणणं आता सरळ सांगतो. उन्हाळ्यात जाणार असाल, तर दुपारचा पाऊस पडून गेल्यावर जा. मध्य फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी ढग भरून येतात, असा कडकडाट होतो की आपल्या वळवाने शिकवणी लावावी. विजा जवळ आल्या की उघड्यावरचे खेळ थांबवतात. लोक दुकानांतून प्लास्टिकचे डगले घेतात, अर्धे तर गाडी गाठून हॉटेलात जातात. तासाभरात आभाळ मोकळं. हवा उतरलेली, रांग ओसरलेली, गवत धुतलेलं, आणि इतका वेळ सावलीला दबून बसलेली जनावरं उठून उभी राहिलेली. घड्याळात साडेचार-पाच. खुद्द उद्यानवाल्यांनाही संध्याकाळची किंमत कळली होती. २०१६ साली त्यांनी अंधार पडल्यावरच्या फेऱ्या सुरू केल्या, आणि सूर्य मावळल्यावरही माळरानावर मावळतीचा उजेड रेंगाळत राहावा म्हणून दिवे बसवले. दिवे लावून संध्याकाळ लांबवली. पहाट लांबवावी असं त्यांना वाटलेलं नाही.

पण खरं सांगू का, माझं भांडण वेळेशी नाहीच. आमच्या मुलाने या सहलीचा तक्ता केला होता. सात पाच, आंघोळ. सात पंचवीस, गाडी. आठ, फाटक. आठ दहा, सिंह. सिंहासमोर कंसात ‘तीन मिनिटं’. मी म्हटलं, “अरे, हा सिंह आहे की आठ दहाची लोकल?” सूनबाई हसल्या, तो हसला नाही. म्हणाला, “बाबा, वर्षाला दहा दिवस रजा मिळते मला. त्यातले चार या सहलीत चालले.”

यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. आम्ही सरकारी नोकरीत रजा साठवून साठवून निवृत्तीच्या वेळी रोख घेतली. तिकडे खासगी नोकरदाराला पगारी रजा दिलीच पाहिजे असा देशभराचा कायदाच नाही. मालक देईल तितकी आपली. पहाटेचा हा सगळा सोस सिंहाच्या स्वभावातून निघत नाही, तो या दहा दिवसांतून निघतो. माणसाला वर्षातून चार दिवस मिळाले की त्याला वाटतं, त्या चार दिवसांत सिंहानेही जागं राहून सहकार्य करावं. पोरगं आईबापांना काही दाखवायला धडपडत असतं आणि धडपडीत बिचाऱ्याचं स्वतःचं बघायचं राहून जातं. माझा राग आहे तो त्याला अशा वेळी पाचचा गजर लावायचा सल्ला देणाऱ्यांवर.

त्या दिवशी सून आणि आमची ही दोघींनी मिळून तक्ता बुडवला. सकाळी कोणी उठलंच नाही. आम्ही पावसानंतरच्या ट्रकमध्ये बसलो. अर्ध्या वाटेवर एक जिराफ रस्त्यात येऊन उभा राहिला. तिथे जनावराला हटवत नाहीत. चालक ट्रक थांबवून बसतो. जिराफाला कसलीच घाई नव्हती. त्याने आधी एका बाजूला बघितलं, मग दुसऱ्या, मग बराच वेळ आमच्या ट्रकच्या छपराकडे. नातू बापाच्या मांडीवर चढला आणि दोघं त्याच्या पापण्या मोजू लागले. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ घड्याळ बघून चुकचुकत होते. सकाळी उठलेले असावेत. पुढे सिंह आला. तो पाठीवर पडून, चारी पाय आभाळाकडे करून घोरत होता. नातवाने विचारलं, “आजोबा, याला कोणी उठवत नाही?” मी म्हटलं, “त्याचे व्याही न्यू जर्सीला नाहीत.”

येत्या डिसेंबरात व्याही पुन्हा फ्लोरिडाला चालले आहेत. तिथे डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य मावळतो, सकाळी गारठा असतो, आणि मगरी ऊन चढेपर्यंत हलत नाहीत. तेव्हा चारची फेरी धरा, असं मी त्यांना कळवलं आहे. त्यांचं उत्तर आलं आहे. पहाटे पावणेपाचला.