सव्वापाच रत्तींचा शनी

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या. का थांबल्या, हे गुपित नव्हते. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला होता. भाडेपट्टे २००७ मध्येच संपले होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०१८ मध्ये नूतनीकरणाचे ८८ पट्टे रद्द केले. इतके छापील कारण समोर असताना डिचोलीत ट्रकचे हप्ते थकलेला माणूस जोशीबुवांकडे गेला आणि साडेसाती घेऊन परतला. उपाय नीलम, सव्वापाच रत्ती, मधल्या बोटात, शनिवारी. पाच रत्तींचा चालत नाही म्हणे. ग्रहांनाही वरचा पाव लागतो!

त्या निळाईत असते काय? नीलम म्हणजे कुरुंद. त्यात किंचित लोह आणि टायटॅनियम आले की खडा निळा होतो. बहुतेकदा नुसत्या लोहाने पिवळा होतो, तो गुरूचा पुष्कराज. ज्या तालुक्याने डोंगरच्या डोंगर फोडून खनिज माती बार्जीत भरून पाठवली, त्यालाच लोखंडाचा कण शनीची कृपा म्हणून विकला जातो, आणि आपण घासाघीसही करत नाही.

पेडण्यात मनःशांतीसाठी चांदीत चंद्राचा मोती. जेवणानंतर तिसऱ्यांची कवचे आपण उकिरड्यावर फेकतो. मोती आणि ती कवचे मुख्यतः एकाच कॅल्शियम कार्बोनेटची. मिकिमोतोने १८९३ मध्ये जपानात शिंपल्यात मोती पिकवला, तेव्हापासून त्याची शेती होते. चंद्राला शेतातले मोती चालतात. मग शनीला प्रयोगशाळेतला नीलम का चालू नये? रसायन तेच, रंग तोच. पण त्यात विकणाऱ्याला फारसे सुटत नाही. बाजारात भाव चढतो तो काश्मीर-सिलोनच्या नावाला, न भाजलेल्या खड्याला, म्हणजे दुर्मिळतेला. शनीचा त्यात छदामही नाही.

१५६३ मध्ये याच गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने हिरा म्हणजे विष ही समजूत खोडली होती. चोरीसाठी हिरे गिळणाऱ्यांना काही होत नाही, हा त्याचा दाखला. साडेचारशे वर्षांनंतर आपले इंजिनियर मुलगे मुलाखतीला जाताना तर्जनीतला पुष्कराज चाचपून पाहतात. मतदानाची शाई लागते तीही तर्जनीलाच.

पर्यावरणवाद्यांच्या गोवा फाउंडेशनने न्यायालयात जाऊन खाणींचा हिशेब मागितला, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्यांनाच पोटावर पाय देणारे ठरवले. शनीला मात्र दर शनिवारी तेल.