नवा करार इंग्रजीत लिहिला काय?

यंदाच्या स्नेहसंमेलनातील सामान्यज्ञान स्पर्धेत मला प्रश्न आला : ‘बायबलमधील नवा करार मूळ कोणत्या भाषेत लिहिला गेला?’ मी क्षणाचाही विचार न करता ‘इंग्रजी’ असे ठोकून दिले. उत्तर चुकले याचे मला तितकेसे वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले की सभागृहात कोणी हसले नाही. उलट मागच्या बाकांवरून ‘बरोबर, बरोबर’ असा गलका झाला आणि परीक्षकांनी ‘ग्रीक’ असे सांगितल्यावर सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. म्हणजे हे अज्ञान माझ्या एकट्याचे नव्हते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. इंग्रजी ही साहेबाची भाषा आणि ख्रिस्ती हा साहेबाचा धर्म, हे समीकरण मी गावाकडून शिदोरीसारखे बांधून आणले होते. त्या दिवशी ते मोडले. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो, तर बायबल इंग्रजी वाङ्मयाच्या कपाटात, शेक्सपिअरच्या शेजारी! मराठी प्रत नव्हतीच. (ग्रंथालयाला दोष देत नाही, माझ्याआधी कोणी ती मागितलीच नसेल.) शेवटी वर्गातल्या एका ख्रिस्ती मित्राने आपल्या घरची प्रत दिली. हा मित्र स्पर्धेच्या वेळी माझ्याच मागे बसला होता. त्याला उत्तर ठाऊक होते. ‘मग गप्प का बसलास?’ असे विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘सांगितले असते तर पुन्हा सगळ्यांनी विचारले असते, तुम्ही घरी इंग्रजीत बोलता का?’ त्याच्या आजोबांच्याही आजोबांपासून घरात मराठीखेरीज दुसरी भाषा नाही.

हे ऐकल्यावर मी जरा नेटाने वाचू लागलो. येशू हा पॅलेस्टाईनमधला, आशिया खंडातला, यहुदी कुळात जन्मलेला. तो अरामी बोले. ‘अब्बा’ म्हणजे बाप, असे त्या भाषेतले मोजके शब्द आजही शुभवर्तमानांत जसेच्या तसे राहिले आहेत. जुना करार बहुतांशी हिब्रूत आहे, दानीएल व एज्रा या पुस्तकांचा काही भाग अरामीत. नव्या कराराची सत्तावीस पुस्तके ग्रीकमध्ये आहेत, पण ती ग्रीक प्लेटोची नव्हे. बाजारात, बंदरावर, साध्या पत्रांत चालणारी ती लोकांची ग्रीक. पौलाचा तर सगळा व्यवहारच पत्रांचा. तो तंबू बनविण्याचा धंदा करी आणि गावोगावच्या मंडळ्यांना पत्रे लिही. या साऱ्या उलाढालीत इंग्रजी भाषा कुठेच नाही. असणार कशी? ती तेव्हा जन्मालाच आली नव्हती.

पुढची हकीकत मला सर्वांत विलक्षण वाटली. इ. स. ३८२ च्या सुमारास दमास पोपच्या सांगण्यावरून जेरोम या पंडिताने लॅटिन भाषांतर सुधारायला घेतले. पुढे बेथलेहेमात राहून त्याने जुना करार हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. या भाषांतराला पुढे ‘व्हल्गेट’ म्हणू लागले, म्हणजे सर्वसामान्यांत रूढ असलेले. त्या काळी पश्चिमेकडच्या लोकांना लॅटिन कळत होती. पण शतके लोटली, लोकांच्या बोली बदलल्या, लॅटिन मात्र तिथेच राहिली आणि सामान्यांसाठी केलेले भाषांतर सामान्यांनाच कळेनासे झाले! मग विल्यम टिंडेलने १५२६ साली नवा करार इंग्रजीत छापून आणला, तर त्याच्या प्रती जाळण्यात आल्या. १५३६ साली त्याला स्वतःलाही गळा आवळून मारले आणि मग जाळले. ज्या इंग्रजीला मी ख्रिस्ती धर्माची मूळ भाषा समजत होतो, त्या इंग्रजीत धर्मग्रंथ आणणारा माणूस असा मेला. आणि गंमत अशी की १६११ साली राजा जेम्सच्या आश्रयाने जे भाषांतर निघाले, त्यात टिंडेलचीच कितीतरी वाक्ये जशीच्या तशी घेतलेली आहेत.

संस्कृतातले ज्ञान मराठीत आणण्यासाठी काय सोसावे लागते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. तरीही टिंडेलचे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे?

आता कोणी म्हणेल, हे परक्यांचे ज्ञान आम्हाला कशाला? मराठीच्या विद्यार्थ्याने तरी असे म्हणू नये. रायतूर येथे १६१६ साली फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण छापले गेले. लिपी रोमन, पण छंद आपला ओवी. हा फादर जन्माने इंग्रज खरा, पण तो पोर्तुगीजांच्या गोव्यात आला १५७९ साली. इंग्रजांचे राज्य तेव्हा स्वप्नातही नव्हते. मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापणारा विल्यम केरी मूळचा चांभारकाम करणारा कारागीर. त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरणही छापले. पंडिता रमाबाईंनी तर केडगावात बसून, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. ते हातावेगळे करून १९२२ साली त्यांनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. संस्कृतावरील प्रभुत्वासाठी कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘सरस्वती’ म्हटले, तिने पांडित्य बाजूला ठेवून कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशी भाषा शोधावी, हे मला फार मोठे वाटते. आपण वर्गात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचतो, खळखळून हसतो. पण टिळकांच्या मनात कशाने एवढी खळबळ उडाली, हे समजायला लागणारे पुस्तक आपण उघडूनही पाहत नाही. हे वाचन अर्धेच झाले.

वाचण्याने कोणी बाटत नाही, हेही सांगून टाकतो. वसतिगृहात माझ्या उशाशी ते पुस्तक पाहून ‘आता नाव काय ठेवणार?’ अशी थट्टा झाली. कुराण वाचणाऱ्याची अशीच थट्टा होत असेल, आणि ज्ञानेश्वरी उघडणाऱ्या ख्रिस्ती मित्राची त्याच्या आळीत होत असेल. परीक्षेसाठी चार नावे पाठ केलेली चालतात. ग्रंथ हातात घेतला की संशय येतो. हे कसले सामान्यज्ञान?

दिवाळीच्या सुटीत ते पुस्तक मी गावी नेले. आमच्या अण्णांना अक्षरओळख नाही, पण हरिपाठ तोंडपाठ. मनात धास्ती होती. त्यांनी कव्हर चाचपले आणि एवढेच विचारले, ‘आपल्या भाषेत हाय का?’ मी लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या मुलाचा दाखला वाचून दाखवला. धाकटा वाटणी घेऊन परमुलखी जातो, सगळे उडवून डुकरे राखतो, शेवटी घरी परततो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. घरात जेवणावळ उठते. राबणारा थोरला मात्र रुसून बाहेर उभा राहतो. अण्णा पोथी ऐकावी तसे मांडी घालून ऐकत होते. ते स्वतः भावांत थोरले. चुलत्यांच्या शिक्षणासाठी त्यांची शाळा पहिलीतच सुटली.

‘धाकट्याचं सोड,’ ते म्हणाले, ‘थोरला मग घरात गेला का न्हाई?’

मी पुन्हा पान पाहिले. बाप थोरल्याची समजूत घालतो तिथेच दाखला संपतो. तो आत गेला की नाही, हे लिहिलेले नाही. तसे मी अण्णांना सांगितले. त्यांनी बराच वेळ चुन्याची डबी हातात फिरवली आणि म्हणाले, ‘परत वाच.’

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष (कला)