प्रशिक्षण साहेबांना, फिर्याद मात्र अंमलदाराकडे!

ॲट्रॉसिटी कायद्यावर पोलीस अधिकाऱ्यांचे विशेष प्रशिक्षण पार पडले, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो, तज्ज्ञ कलमे समजावून सांगतात, फोटो छापून येतो. अशा प्रशिक्षणाला आमचा विरोध नाही. उलट ते झालेच पाहिजे. पण ते कोणाला दिले जाते आणि त्यात काय शिकवले जाते, हे विचारण्याचा आम्हाला अधिकार आहे.

१९९५ च्या नियमांतील नियम ७ सांगतो की, या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा. त्याची नेमणूक करताना त्याचा पूर्वानुभव, क्षमता आणि न्यायाची जाण पाहायची. न्यायाची जाण ही तपासी अधिकाऱ्याची कायदेशीर पात्रताच आहे! मग ती तपासतो कोण? कोणत्या कागदावर तिची नोंद होते?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पीडित माणूस आधी उपअधीक्षकांसमोर जात नाही. तो उभा राहतो ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर. प्रकरण जगणार की मरणार, हे बऱ्याचदा तिथेच ठरते. "आधी जातीचा दाखला आणा", "गावातच मिटवून घ्या", "साधी एनसी घेतो" अशी उत्तरे देऊन माणसाला परत पाठवले जाते. गुन्हा नोंदवण्यासाठी आधी दाखला आणा, असे कायदा कुठेही म्हणत नाही. तोंडी फिर्याद लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि तिची प्रत मोफत द्यायची, हे नियम ५ मध्ये स्पष्ट आहे. मग वर्ग साहेबांसाठी आणि फिर्याद न शिकवलेल्या हाताने, हा कुठला न्याय?

आता काय शिकवले जाते ते पाहू. जातिवाचक शिवीगाळीच्या कलमात घटना लोकांच्या नजरेस येईल अशा ठिकाणी घडलेली असावी लागते. फिर्याद लिहिताना जागा कोणती, हजर कोण होते, नेमके शब्द कोणते, हे विचारलेच नाही तर आरोपीच्या वकिलाचे अर्धे काम पोलीस ठाण्यातच होऊन जाते. पुढे निर्दोष सुटका झाली की तीच "खोटी केस" म्हणून आमच्या तोंडावर फेकली जाते.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना खुनासाठी दोषी धरले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कायदा बदलला. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे, असे कलम ८ आता सांगते. म्हणजे आरोपी किती वर्षांपासून ओळखतो, घर किती अंतरावर आहे, हे दोन प्रश्न जबाबात हवेतच. प्रशिक्षणात हे घोटून घेतले जाते का? की "कायद्याचा गैरवापर कसा टाळावा" यावरच व्याख्यान होते? तसे असेल तर ते गुन्हा न नोंदवण्याचे प्रशिक्षण आहे! आणि कलम १८अ तर सांगते की, गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरजच नाही. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदनंतर आलेले हे कलम आहे, ते कोणी खिरापत म्हणून वाटलेले नाही.

काही जण म्हणतात, पोलिसांना संवेदनशील बनवा. आम्ही म्हणतो, आम्हाला त्यांची दया नको, कर्तव्य हवे. संविधान कितीही चांगले असले तरी राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. म्हणूनच कलम ४ आहे. जाणूनबुजून कर्तव्य टाळणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला ६ महिने ते १ वर्ष कैद. त्यासाठी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, आणि ही चौकशी लागावी म्हणून आपल्यालाच मागे लागावे लागते. कलम ४ ची धाक नसलेले प्रशिक्षण म्हणजे फक्त चहा-नाश्त्याचा कार्यक्रम.

म्हणून तरुण मित्रांनो, नुसते निषेधाचे मेसेज पुढे पाठवू नका. आपल्या जिल्ह्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. गेल्या तीन वर्षांत या कायद्याचे प्रशिक्षण किती ठाणे अंमलदारांना दिले? शिकवणाऱ्यांत पीडितांची बाजू लढणारे वकील किती होते? सुटलेल्या खटल्यांचे निकाल वर्गात वाचले का? कलम ४ खाली किती चौकश्या झाल्या? जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा घ्यावीच लागते. मिळालेली उत्तरे तिथल्या सदस्यांच्या हाती द्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यायला लावा. पोलिसांचे प्रशिक्षण सरकार करील, पण त्यांची परीक्षा आपणच घेतली पाहिजे.

जय भीम!