खंजिरी ऐकायची कोणी?

चिमूर-ब्रह्मपुरीकडच्या भजनमंडळांत एक वाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. भजन आटोपते, खंजिऱ्या पिशवीत जातात, चहा येतो आणि प्रश्न निघतो: खरे तुकडोजी कोणते? गोंदोड्याच्या अरण्यात साधना करणारे, गुरुभक्तीने वेडावलेले तरुण माणिक? की बेचाळीसच्या ऑगस्टमधले, ज्यांच्या भजनांनी चिमूर पेटले असे म्हणतात ते? की १९५५ च्या ‘ग्रामगीते’तले, गावाच्या सफाईपासून सहकारापर्यंत सगळे समजावून सांगणारे? जुन्या भजनांवर जीव असणारे ‘ग्रामगीता’वाल्यांना पुस्तकी म्हणतात, ते यांना भाबडे म्हणतात. अमेरिकेतल्या हार्डकोअर पंकच्या चाहत्यांतही ‘पहिली ध्वनिमुद्रिका तेवढी खरी, पुढची तडजोड’ असे म्हणणारा एक पंथ असतोच. रसिकांचा हा हट्ट आम्हांला हास्यास्पद वाटत नाही. तो बारकाईने ऐकणाऱ्यांचा हट्ट आहे.

आम्हांला चीड येते ती आपल्या, म्हणजे मराठी शिकवणाऱ्यांच्या, शांततेची. आपल्याकडे हा वादच होत नाही. २००५ पासून नागपूर विद्यापीठाच्या पदवीवर राष्ट्रसंतांचे नाव आहे. पण त्यांचे वाङ्मय म्हटले की आपण एकेचाळीस अध्यायांची ‘ग्रामगीता’ उघडतो आणि तिथेच थांबतो. कारण उघड आहे. ती ग्रंथ आहे, ओवीत आहे, ज्ञानेश्वरांपासूनच्या परंपरेत बसवता येते, तिच्यावर प्रश्न काढता येतात. भजने मात्र गैरसोयीची. त्यांतली कितीतरी हिंदीत आहेत, म्हणून मराठी विभाग ती आपली मानत नाही. आणि खंजिरीवर गायली जातात, म्हणून हिंदी विभागही ती काव्य मानत नाही. वऱ्हाडातल्या यावलीत जन्मलेला, चांद्याच्या जंगलात घडलेला हा कवी दोन भाषांत सहज वावरतो, हे खरे तर अभ्यासाचे पहिले प्रकरण व्हायला हवे. आपण त्याला परिशिष्टात घातले आहे.

बेचाळीसचे पर्व तर आपण गौरवाच्या दोन वाक्यांत संपवतो. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूरमध्ये जमाव रस्त्यावर आला. गोळीबारात बालाजी रायपूरकर या मुलाचा बळी गेला. जमावाच्या हातून सरकारी अधिकारी आणि पोलीसही मारले गेले. पुढे लष्कर आले, स्त्रियांवर अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी दीर्घ उपोषण केले. तुकडोजींना चंद्रपुरात अटक झाली आणि नागपूर-रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले. गाण्याने माणसे नेमकी कशी हलतात, आणि हललेल्या माणसांच्या कृत्याची जबाबदारी गाण्यावर किती, असा प्रश्न इतक्या उघडपणे विचारता येईल अशा जागा आपल्या वाङ्मयेतिहासात फार नाहीत. ‘क्रांतिकारी संत’ म्हणून टाळी घेणारा तो विचारत नाही. ‘ग्रामगीते’ची रचनात्मक वृत्ती ही त्या ऑगस्टला दिलेले उत्तर आहे काय, हेही तो विचारत नाही.

भजनमंडळांतल्या मित्रांशीही आमचे एक भांडण आहे. ‘हे सुरुवातीचे’ असे ते ठामपणे सांगतात, ते कशाच्या आधारावर? विषयावरून. म्हणजे आधी ‘साधक तुकडोजी’ अशी प्रतिमा ठरवायची, तिच्यात बसेल ते भजन ‘जुने’ म्हणायचे आणि मग तीच भजने पुरावा म्हणून मांडायची. हे वर्तुळ आहे. कोणते भजन कधी, कोणत्या गावी, कोणत्या पाठात गायले गेले हे लावल्याशिवाय आधीचे-नंतरचे ही भाषाच पोकळ आहे. पण ते काम त्यांचे नव्हे. पाठचिकित्सेचे पगार आपण घेतो.

आमच्यापैकी एकाने नागभीडकडच्या एका जुन्या गायकाची वही पाहिली. भजनांशेजारी गावांची नावे लिहिलेली, काही कडव्यांवर रेघ, काही ठिकाणी दुसऱ्या शाईत नवा अंतरा. तारीख एकही नव्हती. गायकाला मात्र जवळजवळ प्रत्येक गावचा प्रसंग सांगता येत होता, आणि त्याने चार तास सांगितला. ध्वनिमुद्रणयंत्र कोणी नेले नव्हते.